एक्केचाळीस दारांचा लिंब

बोरजाईवाडीचे पोलीस पाटील धर्माजी मांडेकर यांना सही करता येत होती. त्यापुढचं लिहिणं येत नव्हतं, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. सहीला साधारण कपातला चहा निवेल इतका वेळ लागे. सहीच्या वरचा मजकूर शाळेच्या मास्तरानं लिहायचा, हे मी गावात येण्याच्या आधीच ठरलेलं होतं. मला ते कुणी विचारलं नाही.

मी १९५१ साली तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेवर आलो. मूळचा जुन्नरकडचा, स्वभावानं तापट, आणि बदली मनाविरुद्ध झालेली. चाकणला एसटीतून उतरून दोन कोस चालायचं. गाव एक्केचाळीस उंबऱ्यांचं, बाजरी आणि कांद्यावर जगणारं. संध्याकाळी बोलायला माणूस एकच, तो म्हणजे पाटील. तेही बोलत कमी आणि सांगत जास्त.

पाटलाला कामं पुष्कळ होती. कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाचा बैल चोरीला गेला, कोण परका माणूस मुक्कामाला आला, हे सगळं तालुक्याला कळवायचं. पण धर्माजी पाटलांच्या नावाचा गावानं जो धसका घेतला होता तो एकाच कामामुळे. पटकी किंवा देवी असा साथीचा रोग दिसला की त्याच दिवशी वर्दी द्यायची, हे कायद्यानं पाटलावर होतं. आजूबाजूच्या गावांचे पाटीलही त्याच कायद्याखाली होते. ते रोगी उठून बसला की किंवा उचलून नेला की सवडीनं कळवत. धर्माजी पाटील त्याच दिवशी कळवत.

यात अडचण अशी होती, की देवीला गाव रोग समजत नव्हतं. घरात देवी आल्या म्हणजे पाहुणी आली. मग आजारी पोराला नावानं हाक मारायची नाही, आई म्हणायचं. फोडणी द्यायची नाही, धुणं धुवायचं नाही, दाढी करायची नाही, परक्याचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडू द्यायचं नाही. दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा, म्हणजे येणारा-जाणारा बाहेरूनच समजून घेतो. दिवस भरले की लिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालायची, दहीभाताचा निवद दाखवायचा आणि तिची बोळवण करायची. मधेच कुणी तिची वर्दी सरकारात दिली तर ती रागावते आणि पोराला घेऊन जाते, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

शिवाय वर्दी गेली की तालुक्याहून देवी काढणारा माणूस येई. त्याला सगळे देवी डॉक्टर म्हणत. तो चावडीत बसून एकेकाच्या दंडाला टोचे. दंड सुजे, ताप भरे आणि तीन-चार दिवस कामाचे बुडत. लोक म्हणत, एका घरात देवी येतात आणि पाटील साऱ्या गावाला आजारी पाडतो.

पाटलांचा देवीवर विश्वास नव्हता असं कुणी समजू नये. भरपूर होता. म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत बसवली होती. कुणाच्या घरात शिरायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. रोज सकाळी गावातून एक फेरी मारायची आणि दारं बघायची. लिंब दिसला की शाळेत येऊन मला घर सांगायचं. मी लिहायचं, त्यांनी सही करायची, आणि कोतवाल दादूनं कागद घेऊन निघायचं. दादू दिसेनासा झाला की पाटील नारळ घेऊन त्या घरासमोर जात, वहाणा काढत, भर रस्त्यात लोटांगण घालत आणि देवीची माफी मागत.

मी एकदा म्हटलं, "पाटील, माफीच मागायची तर कळवता कशाला?"

"कळवायचं सरकारनं सांगितलंय," ते म्हणाले. "माफी मागू नगा, असं कुटं लिवलंय का?"

या उत्तराचा राग पुढं दोन दिवस मी चौथीच्या मुलांवर काढला.

पाडव्याच्या सुमारास त्यांची जरा पंचाईत होई, कारण गुढीलाही लिंब लागतो. तेव्हा ते डहाळा कुठं बांधलाय आणि किती वाळलाय हे बघत. एका वर्षी त्यांनी यात चूक केली आणि देवी डॉक्टर एका धडधाकट घरी येऊन पुरणपोळी खाऊन गेला.

त्यांची बायको सरुबाई. पाटलांच्या या कामाचा सगळा त्रास तिलाच होता. पाटलांना कोण बोलणार, म्हणून बायका विहिरीवर तिला बोलत. तिच्या घरात मुलगा ज्योतीराम, सून कुशाबाई आणि चार वर्षांची नात हौसा. ज्योतीराम पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघाली होती तिकडं रोजानं जाई आणि रविवारी घरी येई. हौसाला देवी काढलेल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी देवी डॉक्टर आला तेव्हा सरुबाई तिला घेऊन माणला, आपल्या माहेरी, आठ दिवस जाऊन राहिली होती. परत आल्यावर तिनं पाटलांना सांगितलं की तिकडंच टोचून घेतलं. पाटलांनी ते मानलं. बायकोच्या बोलण्याची चौकशी करावी असं कुठल्या कायद्यात नव्हतं.

पंचावन्न सालचा चैत्र होता. कांद्याची काढणी चालू होती, म्हणून पाटील राखणीला मळ्यातच झोपत. जेवण तिकडं जाई. सकाळी मात्र फेरीसाठी ते न चुकता गावात येत. त्या दिवशी ते असेच आले आणि स्वतःच्या दाराला त्यांना लिंब दिसला.

दादू त्यांच्याबरोबर होता. पुढचं मला त्यानंच सांगितलं.

सरुबाई उंबऱ्यात उभी होती. पाटलांनी विचारलं, "कुणाच्या अंगावर?"

"हौसाच्या. आई आल्यात."

"तिला तुज्या म्हायेरी टोचलं व्हतं ना?"

सरुबाईनं दाराचा डहाळा घट्ट केला. मग म्हणाली, "आता आट दिस तुमी मळ्यातच ऱ्हावा. हिकडं फिरकू नगा. मी आजपातुर तुमाला कायबी मागितलं न्हाई. ह्येवढं एक मागते. आई आपल्या पायानं आल्यात, त्यांना आपल्या पायानं जाऊ द्या. पोर वाचंल."

पाटील तसेच शाळेत आले. पाणी मागून घेतलं, बाकावर बसले, यंदा कांदा बारीक पडलाय असं म्हणाले, आणि उठून मळ्यात गेले. मला वाटलं, दारं रिकामी आहेत. त्यांच्या एकवीस वर्षांच्या पाटीलकीत लिंब दिसूनही त्याच दिवशी न दिलेली वर्दी ती तेवढीच.

सरुबाईला नवरा पक्का माहीत होता. आजचा दिवस तो गप्प बसला आहे, उद्या बसणार नाही, हे तिनं ओळखलं. तिला नातीचा जीव हवा होता आणि त्यासाठी हाताशी एकच दिवस होता. तो तिनं वाया घालवला नाही. पहिल्यांदा ती सोपानरावांच्या घरी गेली. सोपानराव म्हणजे भावकीतले थोरले, आणि त्यांच्या घराची वर्दी पाटलांनी तीन वेळा दिलेली. तिथून ती घरोघर फिरली. प्रत्येक बाईला तिनं एवढंच सांगितलं, की उद्या दिवस उगवायच्या आत दाराला लिंब बांधा. कारण कुणी विचारलं नाही.

शाळेच्या छपरासाठी मी पेंढ्या मागितल्या तेव्हा सात घरांनी दिल्या होत्या. त्या सकाळी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दारांना लिंब होता. सोपानरावांनी गोठ्यालाही बांधला होता. ते ओट्यावर विडी ओढत बसले होते. पाटील समोरून गेले तेव्हा म्हणाले, "मोजा पाटील, सावकाश मोजा. घाई न्हाई."

पाटलांनी सावकाश मोजलं आणि ते माझ्याकडं आले.

आता हे नीट समजून घ्यायला हवं, कारण मला तेव्हा ते समजलं नाही. सरुबाईनं पाटलांना वाट करून दिली होती. सगळ्याच दारांना लिंब, तर देवी कुठल्या घरात आल्या हे पाटलाला कळणार कसं? कळलंच नाही तर कळवणार काय? पाटील घरी बसले असते तर तालुक्यानं बोल लावला नसता, देवी रागावली नसती, आणि गाव त्यांना पहिल्यांदा शहाणं म्हणालं असतं.

पाटील बाकावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, कागद मोठा घ्या. एक्केचाळीस घरं हायेत."

मी भडकलो. म्हटलं, "गाव तुमची थट्टा करतंय आणि तुम्ही ती मला लिहायला सांगताय? ही खोटी वर्दी होईल. पाटीलकी जाईल तुमची."

"खोटी न्हाई. दाराला लिंब हाय का न्हाई, जाऊन बगा."

"पण आजारी कोण?"

"त्ये एकाच घरातलं ठावं हाय मला. माजं घर पयलं लिवा. हौसा ज्योतीराम, वय चार, लागण कालपासनं. बाकीच्या घरांच्या फुडं लिवा, ठाऊक न्हाई."

माझा हात थांबला. मी त्यांच्याकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर, पोरं लंगडी खेळत होती तिकडं बघत होते. मी म्हटलं, मग तुमचंच घर कळवू, बाकी चाळीस कशाला?

"माजं एक लिवलं तर डाक्टर एकला येईल. माज्या घराला टोचंल, शेजारी दोन घरं टोचंल, आन जेवून जाईल. चाळीस लिवली तर समदी येतील आन समद्या गावाला टोचतील. हौसा चार दिसांमागं ह्या पोरांत खेळत व्हती, मास्तर."

मी लिहिलं. त्या कागदाला दोन तास लागले, आणि त्यांच्या सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दादू निघून गेल्यावर ते नारळ घेऊन घरी गेले. स्वतःच्या दारासमोर वहाणा काढून त्यांनी लोटांगण घातलं. आतून हौसानं त्यांना बघितलं आणि गूळ मागितला. सरुबाईनं त्यांना आत घेतलं नाही. गूळ तिनंच दिला.

तिसऱ्या दिवशी देवी डॉक्टर आला, आणि पाटील म्हणाले होते त्याप्रमाणे एकटा आला नाही. तिघे होते. त्यांतला वडीलधारा उद्धवराव नावाचा, भला माणूस. त्यांनी चावडीत ठाण मांडलं. कांदा शेतात उपटून पडला होता आणि माणसं दंड धरून घरात पडली. सोपानरावांनी बरंच काही ऐकवलं, पण टोचून घेतलं. वर्दीत त्यांच्या गोठ्याचा उल्लेख नव्हता एवढाच त्यांना दिलासा होता. तिघांनी दोन दिवसांत एकूण एक माणूस टोचला. मलाही टोचलं. ताप मलाही आला.

पाटलांच्या दाराशी उद्धवरावांनी स्वतःच बूट काढले. सरुबाई उंबरा अडवून उभी होती. ते म्हणाले, "पाटलीणबाई, मी आत येत नाही. इथूनच बघतो." त्यांनी तिथूनच बघितलं, कुशाबाईला आणि सरुबाईला बाहेर बोलावून टोचलं, आणि पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं की पोरीला देवी फार दाट आल्या आहेत. औषध असं काही नव्हतं. ताकाचं पाणी द्या म्हणाले.

रविवारी ज्योतीराम पिंपरीहून आला. तोवर हौसा गेली होती. देवीची बोळवण व्हायची होती त्या दिवसासाठी सरुबाईनं दही विरजून ठेवलं होतं.

सरुबाईचं म्हणणं सरळ होतं. ती पाटलांना म्हणाली, "एक्केचाळीस घरं लिवली, आन त्यात नाव एकाच पोरीचं दिलंत. जिचं नाव दिलं तीच गेली." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढी, पाणी तापवून देई, आजारी पडले तर पाय चेपी. बोलत नसे. काही सांगायचंच असलं तर कुशाबाईला सांगे, आणि कुशाबाई सासऱ्यांना सांगे.

गावात दुसरं कुणी आजारी पडलं नाही. माझ्या मते ही त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, पण न झालेल्या गोष्टीचं कुणी कौतुक करत नाही. चाळीस घरांत काही झालं नाही म्हणजे वर्दी खोटी होती, असं गावानं ठरवलं. तालुक्याच्या कचेरीतही जमाखर्च तसाच निघाला. महिन्याभरानं कागद आला: एक्केचाळीस घरांत लागण असल्याचे आपण कळविले, तपासणीत एका घरात आढळली, तसेच ती वर्दी एक दिवस उशिरा दिल्याचे दिसते, या दोन्ही गोष्टींचा खुलासा करावा.

पाटलांनी तो मला दोनदा वाचायला लावला. मग खुलासा सांगितला. "चाळीस घरांबद्दल लिवा की बाहेर लिंब व्हता, म्हनून लिवलं. आत काय न्हाई निघालं त्ये बरं झालं."

"आणि एक दिवस उशीर?"

त्यांनी कागद हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. "नात व्हती," ते म्हणाले. "त्येवढंच लिवा."

मी ते लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांना रडताना मी बघितलं ते तेवढंच एकदा. कचेरीनं समज दिली आणि पाटीलकी ठेवली.

त्यानंतर गाव शहाणं झालं. देवी आल्या तरी दाराला कुणी लिंब बांधेना. डहाळा आत, आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचा आणि दार ओढून घ्यायचं, अशी नवी रीत पडली. पाटील रोज सकाळी फेरी मारत आणि रिकामी दारं बघून परत येत. आत शिरायचं नाही हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी मोडला नाही. तीन वर्षांत त्यांनी एकही वर्दी दिली नाही. तालुक्याहून गाव साथमुक्त ठेवल्याबद्दल चांगला शेरा आला. त्या तीन वर्षांत गावातली दोन पोरं गेली. मृत्यूच्या नोंदीत मी कारण ताप असं लिहिलं, कारण घरच्यांनी तसं सांगितलं. खरं काय ते मला समजत होतं आणि मी लिहिलं नाही. धर्माजी पाटलांबद्दल एवढं लिहितोय तर हेही लिहायला हवं.

त्या दोन्ही पोरांच्या उशाशी सरुबाई बसली होती. कुठल्याही घरात देवी आल्या की बायका तिला बोलावत. कुणाच्या घरात काय आहे हे पाटलांना ठाऊक नसे, तिला असे. आणि ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात पाटील एका चोरीच्या खटल्यात साक्षीला पुण्याला गेले होते, दोन दिवसांसाठी. दुपारी मी मुलांना पाढे घालून दिले होते. दारात सरुबाई येऊन उभी राहिली. सात वर्षांत ती शाळेत कधी आली नव्हती. मी खुर्ची पुढं केली, ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"सोपानरावाच्या घरात आई आल्यात," ती म्हणाली. "त्येंच्या सुनंच्या, कौशल्याच्या थोरल्याला. आज तिसरा दिस. धाकटी दोन अजून बरी हायेत, पर एकाच वाकळंत निजत्यात. लिवून द्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाटील उद्या येतील. त्यांना विचारून…"

"त्येंना काय इचारायचं? त्याच दिशी द्यायची असती ना वर्दी?"

मी कागद घेतला. सोपानरावांचं नाव लिहिलं, मुलाचं वय लिहिलं. कौशल्याबाई तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "न्हाई करायची." मग म्हणाली, "चाळीस घरांत एकबी पोर गेलं न्हाई त्या साली. मी मोजत्ये तवापासनं."

खाली माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. मी विचारलं, सरुबाई धर्माजी मांडेकर असं लिहू ना?

"हौसाची आजी, असं लिवा."

मी सांगितलं की कागदाला पुरं नाव लागतं. तिनं डोकं हलवलं. मी हौसाची आजी असंच लिहिलं आणि दौतीतली शाई तिच्या अंगठ्याला लावली. तिनं अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ घेऊन ती सोपानरावांच्या घराकडं गेली.